दिलेली शर्यत

हेर्विग खाटकाच्या नावावर सायकलच्या त्रेचाळीस शर्यती होत्या आणि मार्निक्सच्या नावावर एकही नव्हती. त्या त्रेचाळिसातल्या निदान तीस हेर्विगनं मार्निक्सच्या पाठीमागे बसून मारल्या होत्या, पण असली वजाबाकी आमच्या वेस्तरडोंक गावात कुणी करत बसत नाही. पहिला आला तो आला. फुलं त्याला, फोटो त्याचा, आणि रविवारी सकाळी गिऱ्हाइकांना सॉसेज बांधून देता देता शर्यतीची हकिकत तिखटमीठ लावून सांगायचा मानही त्याचाच.

आमच्याकडे डोंगर नाहीत, वारा आहे. समुद्रावरून निघतो तो मका आणि बिटाच्या शेतांवरून थेट छातीवर येतो. पुढच्यानं तो अंगावर घ्यायचा आणि मागच्यानं त्याच्या चाकाला चाक लावून आडोशाला बसायचं, हेच या खेळाचं सगळं गणित. एकोणीस वर्षं मार्निक्स पुढे आणि हेर्विग मागे. शेवटचे दोनशे मीटर उरले की मार्निक्स बाजूला सरायचा, हेर्विग सुसाट सुटायचा, आणि मार्निक्स दहावा-बारावा येऊन कुणाच्या तरी पायरीवर खोकत बसायचा. "तुझ्यासारखा साथीदार शोधून सापडायचा नाही," असं म्हणून हेर्विग दर वेळी त्याच्या पाठीवर थाप मारायचा. पहिली काही वर्षं ती थाप मार्निक्सला गोड लागली. मग लागेनाशी झाली.

आता तो बेचाळीस वर्षांचा होता. गालिच्यांच्या कारखान्यात मागांच्या दुरुस्तीचं काम, पहाटेची पाळी, आणि जिना उतरताना कुरकुरणारे गुडघे. डॉक्टरनं हा शेवटचा हंगाम म्हणून बजावलं होतं. हंगामातली शेवटची शर्यत म्हणजे ऑगस्टात गावच्या जत्रेच्या सोमवारी होणारी आमचीच शर्यत. ही एक, फक्त ही एक, मार्निक्सला स्वतःसाठी मारायची होती. आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर, आपल्या पायांनी.

त्यासाठी उन्हाळाभर पाळी सुटली की तो घरी न येता कालव्याच्या रस्त्याला लागायचा. एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत जीव खाऊन सायकल मारायची, दम घ्यायचा, परत मारायची. हे फक्त त्याच्या बायकोला, गोदलीवला ठाऊक होतं. घामानं कडक झालेल्या जर्स्या भिजत घालता घालता ती म्हणायची, "एवढा जीव काढून अकरावाच येणार असशील तर आधी सांग बाबा, मी त्या दिवशी बहिणीकडे जाते." पण जर्स्या वेळच्या वेळी धुतलेल्या असायच्या.

आणखी एक गोष्ट मार्निक्सला ठाऊक होती, जी गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. हेर्विग संपत आला होता. लोकांना शेवटी हात वर करणारा हेर्विग दिसायचा. पण एकोणीस वर्षं ज्यानं त्याला पाठीवर वागवलं, त्याला त्याचा श्वास ओळखू येत होता. या वर्षी शेवटच्या पन्नास मीटरमध्ये तो श्वास फाटत होता. दोनदा तर बाकीचे त्याच्या नावाला बिचकून मागे राहिले म्हणून तो जिंकला. कुणी घाबरलं नाही तर हेर्विग हरतो, हे मार्निक्सनं मे महिन्यातच ताडलं आणि मनात ठेवलं.

जत्रेच्या सोमवारी दुपारी चौकातल्या हंस कॅफेत नंबर वाटत होते. बाहेर पाळणा फिरत होता, तळलेल्या बटाट्यांचा वास येत होता, आणि आत चाळीस सायकलवाले एकमेकांच्या पाठीवर सेफ्टी पिनांनी नंबर टाचत होते. नंबर आपला आपल्याला टाचता येत नाही, म्हणून तो दोस्ताकडून टाचून घ्यायचा. मार्निक्सचा नंबर नेहमीप्रमाणे हेर्विग टाचत होता. चौथी पिन लावून झाली तसा तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यांदा ओरडला.

"ऐका रे सगळे! हा गडी आज शेवटचा धावतोय. एकोणीस वर्षं यानं माझ्यासाठी वारा खाल्ला. आज मी खाणार. आज शर्यत मार्निक्सची!"

कॅफेत एकच गलका झाला. ग्लास आपटले गेले. "वा रे खाटका!" असं कुणीतरी म्हणालं. ध्वनिक्षेपकाची वायर गुंडाळत बसलेले आखिल मास्तर, जे पंचवीस वर्षं शाळेत आणि त्याहून जास्त वर्षं शर्यतीत बोलत आले होते, ते तर डोळे पुसायला लागले. मार्निक्स कानापर्यंत लाल झाला. त्या गलक्यात तो जे बोलला ते कुणाला ऐकू गेलं नाही.

म्हणून त्यानं हेर्विगला कॅफेमागच्या पडवीत गाठलं. हेर्विग एका पेटीवर बसून पायांना तेल चोळत होता.

"हेर्विग, मला दिलेली शर्यत नको."

"काय?"

"तू मघाशी आत बोललास ते. नको मला. तू तुझी मार, मी माझी मारतो."

हेर्विगनं वर पाहिलं. त्याला गंमत वाटली असावी. "माझ्याशी? तू? सरळ शर्यतीत?"

"हो."

"अरे लेका, मी मनापासून म्हणालो. उगाच कसला ताठा करतोस? घे की जत्रेची भेट म्हणून."

"भेट द्यायची तर घरी हॅम पाठव. शर्यत नको."

हेर्विग हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. माणूस वाईट होता अशातला भाग नाही. फक्त त्याच्याकडून काही नको म्हणणारा माणूस त्याला आजवर भेटलेला नव्हता. "बरं बाबा," तो हात पुसत म्हणाला, "जशी तुझी मर्जी. मग शेवटी मला शिव्या घालू नकोस." त्यांनी हातात हात दिला. हेर्विगच्या तेलकट हाताचा वास मार्निक्सच्या हाताला दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला. हा करार त्या पडवीत झाला, आणि साक्षीला तिथे बिअरची रिकामी पिंपं होती.

शर्यत बारा फेऱ्यांची. चौकातून निघून वीटभट्टीवरून, शेतांमधल्या काँक्रीटच्या रस्त्यानं वळसा घालून परत चौकात. पहिल्या पाच फेऱ्या सगळे जण एकमेकांकडे बघत काढतात. सहाव्या फेरीला वारा आडवा आला तसे चौघे पुढे निसटले: मार्निक्स, हेर्विग आणि बाहेरगावचे दोन तरणे. त्यातला एक नवव्या फेरीला पंक्चर झाला आणि दुसरा दहाव्या फेरीला मार्निक्सनं वीटभट्टीच्या वळणावर असा काही जोर लावला की गळून पडला. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा हे दोघेच पुढे होते आणि मागचा घोळका तब्बल एका मिनिटानं मागे होता.

गोदलीव चौकाच्या अलीकडे पाण्याच्या जुन्या पंपाशी उभी होती. रेषेपासून तिथवर चाळीस मीटर असतील. रेषेजवळ मिळते तशी गर्दी तिथे नसते, पण तिला तीच जागा बरी वाटायची, कारण तिथून हातात पाण्याची बाटली देता येते. घंटेच्या जरा आधी दोघे समोरून गेले तेव्हा तिनं शेवटची बाटली पुढे केली. मार्निक्सनं घेतली नाही. नुसतं तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, आणि तिला हसू फुटलं.

हेर्विग सवयीनं मागे बसला होता. शेवटचा किलोमीटर लागला तरी मागेच. एकोणीस वर्षांची खोड, ती काय पडवीतल्या दोन शब्दांनी जाते? मग मार्निक्सनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्यानं पेडल मारायचं थांबवलं. सायकल रस्त्याच्या कडेला नेली, हळू केली, अगदी पायी चालणारा पुढे जाईल इतकी हळू केली आणि मागे वळून पाहत राहिला.

"अरे, काय करतोस? चल ना!" हेर्विग ओरडला.

"तू चल पुढे."

"मागचे गाठतील, मूर्खा!"

"गाठू देत."

हे हेर्विगला सोसण्यासारखं नव्हतं. मागे वीटभट्टीपाशी घोळक्याचे रंग दिसायला लागले होते. त्यानं एक शिवी हासडली आणि पुढे झाला. मार्निक्स त्याच्या चाकाला चिकटला. आडोसा काय असतो, ते त्याला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. वारा असा एकदम बंद झाला की त्याला क्षणभर कानच गेल्यासारखे वाटले. एवढं सोपं? एवढ्या सोप्या जागी बसून हा माणूस त्रेचाळीस वेळा जिंकला? त्याला राग आला, आणि तो राग त्यानं सरळ पायांत घातला.

अडीचशे मीटरवर हेर्विग सुटला. फार लवकर सुटला, पण त्याला थांबवत नव्हतं. मार्निक्स मागोमाग. चर्चची भिंत गेली, बेकरी गेली. शंभर मीटर राहिले तेव्हा मार्निक्स वाऱ्याच्या बाजूनं बाहेर पडला. वारा कुठून येतो, कुठल्या घराच्या कोपऱ्यावर फुटतो, हे त्याला या गल्लीत डोळे मिटून सांगता आलं असतं. त्याचं पुढचं चाक हेर्विगच्या मागच्या चाकाशी आलं, मग पेडलशी, मग गुडघ्याशी. आणि तो आवाज आला. हेर्विगचा श्वास फाटला.

पंपाशी ते बरोबरीला आले. पुढच्या दोन पेडलांत मार्निक्स अर्धं चाक पुढे होता. पुढे. हे त्यानं पाहिलं, आपल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि हेर्विगनंही पाहिलं, कारण त्यानं मान वळवली. दोघांची नजरानजर झाली. हेर्विगच्या चेहऱ्यावर जे होतं ते मार्निक्स मरेपर्यंत विसरणार नाही. ती भीती होती. दुकान, चौक, गाव सगळं बघत असताना हरणार असलेल्या माणसाची साधी भीती.

आणि मग ती गेली. हेर्विग ताठ बसला. त्यानं एका हातानं ब्रेक दाबला, दुसरा हात हँडलवरून उचलून पुढे केला, जा राजा, तुझीच आहे म्हणतात तसा, आणि तोंडभर हसला.

समोर रेषेपाशी उभ्या असलेल्या गर्दीला काय दिसणार? समोरून बघताना कोण अर्धं चाक पुढे आहे ते कळत नाही. कळतं ते एवढंच की एकानं हात पुढे केला आणि दुसरा निघून गेला. चौकात जो जल्लोष उठला तसा त्या गावात कधी उठला नव्हता. मार्निक्स रेषा ओलांडून गेला आणि हात वर करायचेच विसरला. फोटोतही तसंच आलंय. पुढे एक माणूस, हँडलला गच्च धरून, तोंड वाकडं करून बघणारा, आणि त्याच्या मागे दोन सायकलींच्या अंतरावर हेर्विग, ताठ बसून टाळ्या वाजवतोय.

"काय हे मन!" आखिल मास्तर रेषेजवळ मंच म्हणून लावलेल्या ट्रॉलीवरून ध्वनिक्षेपकात ओरडत होते. त्यांचा आवाज फुटला होता. "बघा रे पोरांनो, याला म्हणतात दोस्ती! हेर्विग, ये, आधी तू ये वर!"

जिंकणारा खाली उभा आणि हरणारा वर, असंही एकदा आम्ही पाहिलं. हेर्विगनं चार शब्द सांगितले, सगळे नम्रतेचे. मग मार्निक्सला वर ओढलं गेलं, हातात ग्लॅडिओलसचा गुच्छ कोंबला गेला, आणि मास्तरांनी ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडापुढे धरला.

"मार्निक्स, बाळा, आज दोस्ताला काय सांगशील?"

मार्निक्सला बोलायची सवय नव्हती. त्यानं चौकाकडे पाहिलं. एवढ्या माणसांनी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"मी त्याला मागे टाकलं होतं," तो म्हणाला. "त्यानं ब्रेक लावायच्या आधी. पंपापाशी."

पाळण्याचं गाणं तेवढं वाजत राहिलं. मास्तरांनी शाळेत एखाद्या पोरानं भलतंच उत्तर दिल्यावर करायचे तसा चेहरा केला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं "अगंबाई" म्हटलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

तेवढ्यात हेर्विगनं त्याच्या गळ्यात हात टाकला आणि मोठ्यानं हसला. "टाकलंच होतंस, गड्या! टाकलंच होतंस!" आणि लोकांकडे बघून त्यानं बारीक डोळा मारला.

चौक हसला. सुटल्यासारखा हसला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या, या वेळी आधीपेक्षा जास्त. चिडका आहे, दमलाय, शेवटची शर्यत आहे, जाऊ दे, खाटकानं कसं सांभाळून घेतलं बघा. तेवढ्या एका डोळा मारण्यानं मार्निक्सचं खरं बोलणं लहान मुलाचं होऊन गेलं.

कॅफेमागच्या पडवीत बादल्या भरून ठेवल्या होत्या. हेर्विग कमरेपर्यंत उघडा, काखेत साबण चोळत होता. मार्निक्स गुच्छ हातात तसाच घेऊन समोर उभा राहिला.

"आता इथे कुणी नाही," तो म्हणाला. "ब्रेक का लावलास?"

"का म्हणजे? तुझ्यासाठी."

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं रे. पण शेवटी तुला शेजारी बघितलं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, जाऊ दे, याला एकदा तरी."

"मी पुढे होतो, हेर्विग. तुझ्याच तोंडावर दिसलं मला. तू घाबरलास."

मार्निक्सला वाटलं होतं, हा चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, कारण चिडणाऱ्याला आपण काय लपवतोय ते ठाऊक असतं. पण हेर्विगनं तोंडावर पाणी मारलं, वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. स्वतःच्या मोठेपणानं तो स्वतःच भरून आला होता. एका तासात त्यानं ती गोष्ट दहा जणांकडून ऐकली होती आणि आता ती त्याचीही झाली होती.

"तुला पटत नाही, मला समजतंय," तो हळुवारपणे म्हणाला. "पण मी मनापासून दिली रे. कधी बोलून दाखवणार नाही, बघ." आणि त्यानं मार्निक्सच्या पाठीवर थाप मारली.

मार्निक्सखेरीज आणखी दोघांना खरं ठाऊक असणार होतं, त्यांतला एक असा हातचा गेला. मार्निक्स सायकल ढकलत घराकडे निघाला. वाटेत चार जणांनी त्याला थांबवलं. एकानं त्याचं अभिनंदन केलं आणि तिघांनी हेर्विगचं. बेकरीवाली म्हणाली, "असा दोस्त मिळायला भाग्य लागतं हो." तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गोदलीव बरोबर चालत होती, बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून. ट्रॉलीवरच्या त्या बोलण्याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. चर्चची भिंत संपली तसा मार्निक्स थांबला. आत्तापर्यंत त्यानं हे मुद्दामच राखून ठेवलं होतं. गाव रेषेपाशी होतं, पण ती पंपाशी होती. ती बाजूनं बघत होती. चार हातांवरून.

"लीव," तो म्हणाला, "तू पंपाशीच होतीस ना?"

"होते की. कुठे जाणार?"

"मी बरोबर तुझ्यासमोर त्याला गाठलं. अर्धं चाक पुढे गेलो. त्यानं ब्रेक लावला तो त्यानंतर. तू पाहिलंस."

तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"पाहिलंस ना?"

"मार्निक्स, आता सोड ना. जिंकलास. फुलं मिळाली."

"मला गावाचं काही नको. आखिल मास्तरांचं नको. तू एकटीनं सांग. बस्स."

"तुला बरं वाटेल असं सांगू का?"

"नको. काय पाहिलंस ते सांग."

तिला खोटं बोलता आलं असतं, आणि नंतर कित्येक महिने आपण तसं का बोललो नाही म्हणून ती स्वतःला दोष देत राहिली. पण बारा फेऱ्या उन्हात उभी राहून ती थकली होती, आणि त्यानं खरं विचारलं होतं.

"मी हेर्विगकडे बघत होते," ती म्हणाली.

मार्निक्सला आधी कळलंच नाही.

"शेवटी सगळे त्याच्याकडेच बघतात रे. माझीही मान तिकडेच गेली. पंपापर्यंत तू नेहमी बाजूला झालेला असतोस ना, तर तिथे तुझं बघायचं काही नसतंच. मी पाहिलं तेव्हा त्याचा हात पुढे होता." तिचा आवाज बारीक झाला. "तू पुढे होतास असं तू म्हणतोस, तर असशील."

मार्निक्सनं मान हलवली. यात तिची काही चूक नव्हती. एकोणीस वर्षं त्यानं स्वतःच तिला, आणि गावाला, तसं बघायला शिकवलं होतं. हे त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं की रागवायला त्याच्यापाशी कुणी उरलं नाही.

"चल," तो म्हणाला. "सकाळी पाळी आहे."